उजळलेली सून

स्टुडिओवाल्या काकूंना सून मनापासून आवडली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचा घोळ ऐकून तुम्ही म्हणाल, सासू खडूस होती. अजिबात नाही. तापट होत्या, बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवत नसत, पण जीव लावायच्या तर असा की माणूस गुदमरावा. चिरंजीवांनी त्या मुलीला पहिल्यांदा घरी जेवायला आणलं, तेव्हा काकूंनी तिला आग्रह करकरून वाढलं, ती नको म्हणाली तर रागावल्या, आणि ती गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी खणखणीत आहे हो. आपल्या बावळटाला कशी काय मिळाली?"

मुलगी पोहायला शिकवायची. सार्वजनिक तलावावर सकाळी लहान मुलं, दुपारी बायका, संध्याकाळी पाण्याला घाबरणारे बाप्ये. उंच, रुंद खांद्यांची, रंगाने चांगली काळीभोर, आणि हसली की शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशी. काकूंनी तिचं नाव मासोळी ठेवलं आणि तिनेही ते खुशीत घेतलं. पुढे पुढे ती तलावावरून परस्पर स्टुडिओत यायला लागली, ओले केस घेऊन. काकू टॉवेलने तिचं डोकं खसाखसा पुसायच्या आणि ओरडायच्या, "सर्दीने मरशील एक दिवस, कार्टे!" आपले इतके लाड कधी झाले नाहीत, अशी तक्रार चिरंजीव जो भेटेल त्याच्याकडे करायचे.

स्टुडिओ काकूंच्या सासऱ्यांनी काढलेला. रस्त्याकडे काचेची शोकेस, आत काउंटर, पडद्यामागे फोटो काढायची खोली. तिथे पांढरा पडदा, गोल स्टूल, स्टँडवरचे दिवे आणि काकांचं राज्य. काका मुलखाचे अबोल. "हनुवटी खाली", "हलू नका" आणि "झालं" एवढ्या भांडवलावर त्यांनी आख्खा संसार केला होता. लाकडी पार्टिशनच्या पलीकडे काकूंचं टेबल. काका फोटो काढायचे आणि काकू त्याच्यावर हात फिरवायच्या. पूर्वी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर. मुरूम घालवायचे, डोळ्यांखालची वर्तुळं पुसायची, सुटलेली बट जागेवर आणायची. "हे माणसं काढतात, मी त्यांना माणसात आणते," असं काकू गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या, आणि गिऱ्हाईक हसायचं.

हे काम शिकवताना सासऱ्यांनी एक नियम घालून दिला होता. बाईचा चेहरा आधी उजळायचा, बाकीचं सगळं मागाहून. किती उजळायचा, त्याचं दुकानात मापही होतं. सावळी असेल तर एक हात, काळी असेल तर दोन हात. पुरुषाला काही नाही. पुरुषाचा रंग कोण बघतंय? गिऱ्हाइकांनाही तेच हवं असायचं. लेकीचा फोटो लग्नासाठी कुठे पाठवायचा असला की आया काउंटरवर वाकून हळूच म्हणायच्या, "जरा बघा हं, काकू." काय बघायचं ते उघड कुणी बोलत नसे. काकू बघायच्या, आणि अगदी मायेने बघायच्या. कुणाची तरी लेक आहे, चार लोकांत चांगली दिसू दे, एवढाच त्यांचा हिशोब. यात काही वावगं आहे असं त्यांच्या स्वप्नातसुद्धा कधी आलं नाही.

लग्न ठरलं, तशी जोडीचा मोठा फोटो काढून शोकेसमध्ये लावायचं काकूंनी जाहीर केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं, ही माझी सून! एका दुपारी दोघं फोटोला बसली. मासोळीने पिवळेधमक कपडे घातले होते, चिरंजीवांनी कधी नव्हे ती शर्टाला इस्त्री केली होती. काकांनी कॅमेऱ्यातून बघितलं, दिवा जरा पुढे ओढला, पुन्हा बघितलं, आणि त्यांच्या मानाने भाषणच ठोकलं. "हिचा चेहरा काळोखात जातोय. असू दे, नंतर काकू बघून घेईल." मग हनुवटी खाली, हलू नका, झालं.

दुसऱ्या दिवशी काकू तो फोटो उघडून बसल्या. किती हौसेने बसल्या म्हणून सांगू! बाहेर कुणी आलं तर "नंतर या" म्हणून वाटेला लावलं. मासोळीच्या कपाळावरचा लहानपणीचा व्रण तेवढा ठेवला, कारण तो त्यांना आवडायचा. केस सारखे केले. मग सवयीने हात रंगाकडे गेला. माप तर दोन हातांचं होतं. पण काकूंच्या मनात आलं, गिऱ्हाइकांना दोन देतो, ही तर घरची, हिला तीन देऊ. दिले. चिरंजीवांच्या नाकावरची पुळी घालवली आणि त्यांना तसंच सोडून दिलं.

फोटो फ्रेम होऊन आला, तेव्हा काकूंनी दोघांना बोलावून घेतलं, काउंटरवर तो उभा केला आणि वरचं फडकं झटक्यात ओढलं. "बघ गं मासोळे, कशी दिसतेस!"

मासोळी बघत राहिली. काकू तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभ्या, आता हसेल, मग हसेल.

"ही कोण?" मासोळीने विचारलं.

"अगं, तूच की! वेडी का काय!"

"मी नाहीये ही." आवाज चढला नव्हता. तिने फोटोतल्या चिरंजीवांवर बोट ठेवलं. "ह्याला का नाही केलं, काकू?"

"काय नाही केलं?"

"गोरं. तो माझ्याहून काळा आहे. त्याला तसाच ठेवलात. मला का केलंत?"

आणि काकूंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "तो मुलगा आहे ना."

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांनाच कसंतरी ऐकू आलं. पण तोंडातून गेलेलं परत कुठे गिळता येतं? त्यात चिरंजीव मदतीला धावले आणि होतं नव्हतं ते घालवलं. म्हणाले, "आईचं मनावर घेऊ नको गं, ती सगळ्याच बायकांना करते." मासोळीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरकून रिकाम्या फ्रेमांवर आदळले.

"फोटो छान आहे," मासोळी पिशवी उचलत म्हणाली. "लावायचा तर लावा. पण मी पुन्हा फोटोला बसणार नाही. इथे तरी नाहीच." आणि जाताना पायरीवरून वळून म्हणाली, "येते, काकू." तिने भांडण केलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं. भांडणात काकू कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. ती नुसती नीट वागली, परक्या घरी वागतात तशी.

मग काकूंनी आधी सगळ्या जगावर तोंड सोडलं. मी काय वाईट केलं? जीव ओतला त्या फोटोत! आजकालच्या पोरींना बोलायची सोय नाही. नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही दिवे नीट लावले असते तर ही वेळच आली नसती. मुलाला म्हणाल्या, तू तर बोलूच नकोस, फ्रेमा फोडल्यास त्या वेगळ्याच.

"आई, मूळ फोटो काढ. तोच मोठा करून लावू," चिरंजीव म्हणाले.

काकू टेबलावरची धूळ पुसायला लागल्या.

"कॉपी केली होतीस ना?"

कसली कॉपी? निगेटिव्हला कधी दुसरी प्रत होती? जे आहे त्याच्यावरच पेन्सिल चालवायची, हा काकूंचा हात. कॉम्प्युटर आला तरी त्या मूळ फोटोवरच काम करायच्या. आधी कॉपी कर म्हणून चिरंजीव कानीकपाळी ओरडायचे, आणि त्या म्हणायच्या, "नक्कल कशाला? माझा हात काय चुकतो?" कॅमेऱ्यातलं कार्ड तर काकांनी फोटो कॉम्प्युटरवर उतरवल्याबरोबर पुसून टाकलं होतं. म्हणजे खरी मासोळी कुठेच उरली नव्हती. काकूंनी उजळलेला रंग पुन्हा गडद करून बघितला, तर पोरीच्या तोंडाला राख फासल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी माऊस आपटला.

चिरंजीव बाजूला येऊन बसले. बापावर गेले असते तर गप्प राहिले असते, पण रंगाने आणि जिभेने दोन्हीने ते आईवर गेले होते. "तिला लहानपणापासून घरचे सांगत आले, पाण्यात जाऊ नकोस, आणखी काळी होशील. शाळेत नाटकात घ्यायचे नाहीत. ती सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पोहली. पण ह्या घरात आल्यावर मला म्हणाली होती, इथे मला नाकावर टिच्चून राहावं लागणार नाही."

"असं म्हणाली?"

"हो. कारण तू पण तिच्यासारखीच आहेस ना, आई."

हे त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. काकू काळ्या होत्या. लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासऱ्यांनी प्रेमानेच त्यांच्या हातात पावडरचा डबा ठेवला होता, आणि तेव्हापासून मानेपर्यंत पावडर थापल्याशिवाय त्या खोलीबाहेर आल्या नव्हत्या. घरातला त्यांचा एकूणएक फोटो हात फिरवलेला. सासऱ्यांच्या मागे तो हात त्यांचा स्वतःचाच होता. काकूंनी मुलाला "ऊठ, कामं नाहीत का तुला?" म्हणून हाकललं आणि कॉम्प्युटर बंद केला. लग्न मोडेल ही भीती त्यांना नव्हती. पोरगी शब्दाची पक्की होती. भीती दुसरीच होती. ती सून म्हणून येईल, गोड बोलेल, "हो काकू, नाही काकू" करेल, आणि जन्मभर पाहुण्यासारखी राहील. ओलं डोकं पुसायला पुन्हा पुढे करणार नाही. ह्या विचाराने काकूंना रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्या तलावावर गेल्या. चपला हातात, ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत, आणि तोंडाने "कुठे आहे आमची बया" असं पुटपुटत. मासोळी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एक आडदांड, मिशीवाले गृहस्थ तिच्या हातांवर पालथे पडून जिवाच्या आकांताने पाय मारत होते, आणि ती त्यांना सांगत होती, "सोडत नाही मी. धरलंय. श्वास सोडा." त्या माणसाचा तिच्यावर केवढा भरवसा होता! काकूंना वाटलं, आपणही तिला धरायला हवं होतं, तर आपण तिलाच पुसून टाकलं.

काम आटोपून ती काठाशी आली. काकू तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या.

"चुकले मी," काकू म्हणाल्या. "काल तू विचारलंस त्याचं उत्तर रात्रभर शोधलं. माझ्याकडे उत्तर नाही. मला ते शिकवलं आणि मी केलं. तुला तर तीन हात दिले, माझी म्हणून. मूर्ख आहे मी. पुन्हा फोटोला बस ना गं."

मासोळीने काठाला हात टेकले. "काकू, तुमचा राग नाही आला तेवढा. पण काकांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, नंतर बघून घेऊ. माझा चेहरा समोर होता, आणि तो नंतर बघायचा होता. तुमच्या स्टुडिओत माझ्यासाठी दिवाच नाहीये. मी बसून काय करू?"

"आणि दिवा लावला तर?"

"बघते," मासोळी म्हणाली, आणि पुढच्या बाईला पाण्यात घ्यायला वळली.

काकू तरातरा स्टुडिओत आल्या आणि काकांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, काळ्या माणसाचा फोटो काढता येतो का तुम्हाला?"

काकांनी विचार केला. ते खोटं बोलणारे नव्हते. "नाही," म्हणाले. "तू होतीस ना नंतर."

"आता मी नाही. आता तुम्हीच काढायचा, आणि असा काढायचा की त्याला माझं बोटसुद्धा लागता कामा नये. शिका."

"कुणाला बसवून शिकू?"

काकू आत गेल्या, नळ सोडला आणि साबणाने खसाखसा तोंड धुतलं. मान धुतली, कान धुतले. पदराने पुसत बाहेर आल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या. "मला," म्हणाल्या. पण मान मात्र खाली होती. उघड्या दिव्यात असं धुतलेलं तोंड घेऊन त्या नवऱ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या.

काकांनी फोटो काढला. काळाकुट्ट आला, नुसते डोळे आणि दात. मागच्या पांढऱ्या पडद्यामुळे चेहरा मागे पडत होता, म्हणून काकांनी तो उतरवला आणि घरून तपकिरी चादर आणून टांगली. आता नाक चकाकायला लागलं. काका दिव्याशी झटू लागले. समोरचा दिवा बाजूला नेला, त्याच्यापुढे पांढरं धुवट कापड ताणलं, दुसऱ्या बाजूने पुठ्ठा धरायला चिरंजीवांना उभं केलं. काकू स्टुलावरून सूचना करत होत्या. "गाल कुठे गेला माझा? एवढी मोठी हनुवटी आहे मला? अहो, तुमच्या वडिलांनी काय नुसती मापंच ठेवली का तुमच्यासाठी?" काका घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. तेही जिद्दीला पेटले होते.

मासोळी पडद्याशी कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. केस ओले होते. तिने चादर बघितली, कापड बघितलं, आणि स्टुलावरच्या काकूंकडे बघितलं. तिलाही काकूंचा हा चेहरा नवीन होता. मग पिशवी खाली टाकली, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून काकूंच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, दोघींवर लावा."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. काका कॅमेऱ्यात डोळा घालून वाकले. वाकले ते वाकलेलेच. हनुवटी नाही, काही नाही.

"अहो, झोप लागली का?" काकू म्हणाल्या.

काका वर आले. "नाही. दिसतेयस."

"दिसतेय म्हणजे? न दिसायला काय झालं?"

"नीट दिसतेयस," काका म्हणाले. "पावडरीत दिसायची नाहीस. मला ती पावडर कधी आवडलीच नाही."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "काय म्हणालात?"

"तुला बघायला आलो तेव्हा तू अशीच होतीस. मला तशीच आवडली होतीस. मग पावडर लावायला लागलीस. मला वाटलं, तुला आवडते."

आणि मग काकू फुटल्या. "मला आवडते? मला? अहो, मी तुमच्यासाठी थापत होते ती! उन्हाळ्यात मानेला पुरळ उठायचं तरी थापत होते! तुमच्या वडिलांनी डबा दिला आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात? एवढी वर्षं? एक शब्द बोलायला काय जिभेला फोड आले होते? अहो, एक शब्द!" डोळ्यांतून धारा लागलेल्या, बोट नवऱ्यावर रोखलेलं, आणि शेजारी मासोळी हसू की रडू करत त्यांच्या खांद्याला बिलगलेली. काकांच्या हाताशी बटण होतं, ते त्यांनी दाबलं.

फोटो कॉम्प्युटरवर आला, तशी सगळी काकूंच्या टेबलाभोवती जमली. दोन काळ्याभोर बायका, एक हसणारी, एक तोंड उघडून भांडणारी, आणि दोघींच्या गालांवर दिव्याचा सुरेख उजेड. काकूंनी चष्मा पुसला, घातला, आणि अगदी जवळ जाऊन स्वतःला बघितलं.

"मी एवढी काळी आहे?"

"हो," मासोळी म्हणाली.

"आणि अशी दिसते?"

"हो, अशीच."

काकू बघतच राहिल्या. माऊस हाताजवळ होता, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "बरी दिसते की गं मी," त्या हळूच म्हणाल्या. "चांगली दिसते. मग आजवर मी उगाचच..." त्या तरण्याताठ्या होत्या तेव्हापासूनचा त्यांचा असा एकही फोटो कुठे नव्हता. तो तरुणपणचा चेहरा आता कुणालाच परत काढता येणार नव्हता.

काकांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला. काकूंनी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला, डोळे पुसले, मग त्याच रुमालाने मासोळीचं ओलं डोकं पुसायला लागल्या. मासोळीने मान पुढे केली.